कार्डाची थकबाकी आहे, सिक्युरिटी क्लिअरन्स मिळेल का?

नॉर्दर्न व्हर्जिनियात, ॲशबर्न-हर्न्डन-स्टर्लिंगच्या पट्ट्यात, आयटीतल्या बऱ्याच नोकऱ्या अमेरिकी संरक्षण खात्याच्या कंत्राटांवर चालतात. ऑफर लेटरमध्ये एक ओळ असते: 'सीक्रेट क्लिअरन्स मिळण्याच्या अटीवर'. क्लिअरन्स म्हणजे सरकारची गोपनीय माहिती हाताळायची परवानगी. अमेरिकी नागरिकत्व हातात असतं, अनुभव असतो, पगारही चांगला ठरलेला असतो. तरी ती ओळ वाचून पोटात गोळा येतो, कारण मागच्या एखाद्या वाईट वर्षाची थकबाकी अजून निस्तरलेली नसते. आमच्याकडे कर्ज-समुपदेशनाला येणारी मराठी मंडळी हा प्रश्न जवळजवळ एकाच शब्दांत विचारतात. म्हणून हे एक प्रकरण सविस्तर लिहितो आहोत. ओळख पटू नये म्हणून गाव, आकडे आणि नाती बदलली आहेत.

मार्च २०२४ मध्ये आलेले हे गृहस्थ चाळिशी ओलांडलेले, दोन मुलांचे वडील. नोव्हेंबर २०२२ मध्ये नोकरी गेली, ती पुढे आठ महिने मिळालीच नाही. त्यातच फेब्रुवारीत आई पुण्यात आयसीयूत दाखल झाली. विमानाचं तिकीट आणि हॉस्पिटलची अनामत रक्कम कार्डावर गेली, मग घरखर्चही कार्डावरच चालू लागला. जुलै २०२३ मध्ये कमी पगाराची नोकरी लागली. आता एका संरक्षण कंत्राटदाराची ऑफर आली होती आणि कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे एफएसओने, एसएफ-८६ हा क्लिअरन्सचा फॉर्म भरायला दोन आठवडे दिले होते.

त्यांनी एका कागदावर यादी आणली होती, रकमेच्या उतरत्या क्रमाने. पहिलं कार्ड: १४,२०० डॉलर, बँकेने चार्ज-ऑफ केलेलं, म्हणजे हिशेबात बुडीत धरलेलं. दुसरं कार्ड: ६,८०० डॉलर, कलेक्शन एजन्सीकडे. तिसरी ओळ: '२०२२ चा टॅक्स, बघू'. चौथी: लॅबचं बिल, ४२० डॉलर. आणि सगळ्यात खाली, पेन्सिलीने: 'दादाची पतसंस्था. हे धरायचं का?'

"मॅडम, ४०१के मोडून दोन्ही कार्डं आधी साफ करतो आणि मग फॉर्म भरतो. खालचं सगळं किरकोळ आहे," असा त्यांचा बेत होता. (४०१के म्हणजे नोकरीतलं निवृत्तीसाठीच्या बचतीचं खातं.)

त्या दोन आठवड्यांत आम्ही मुख्यतः ती यादी उलटी केली.

क्लिअरन्सचा निर्णय ज्या कसोट्यांवर होतो त्या 'सीड-४' (सिक्युरिटी एक्झिक्युटिव्ह एजंट डायरेक्टिव्ह ४) या सरकारी निर्देशात आहेत. तो ८ जून २०१७ पासून लागू आहे. ए पासून एम पर्यंत तेरा कसोट्या. त्यातली 'गाइडलाइन एफ' पैशाच्या व्यवहारांची. नाकारल्या जाणाऱ्या प्रकरणांत सगळ्यात जास्त वेळा हीच आडवी येते. पण ती मुळातून वाचली तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. अमुक इतक्या डॉलरपर्यंत चालेल आणि त्यापुढे नाही, अशी रेघ तिच्यात कुठेच मारलेली नाही. तिच्यात विचारलंय ते वेगळंच. कर्ज फेडता येत नव्हतं, की फेडायचंच नव्हतं? ऋण काढून सण करायची सवय आहे का? टॅक्स रिटर्न भरायचं चुकवलंय का? जुगार, फसवणूक, उत्पन्नाशी न जुळणारी श्रीमंती? आणि त्याच कसोटीत पुढे बचावाच्या बाजूही दिल्या आहेत: नोकरी जाणं, आजारपण, मृत्यू, घटस्फोट यांसारखी हाताबाहेरची कारणं, पण त्या काळात माणूस जबाबदारीने वागला असेल तरच, विश्वासार्ह संस्थेकडून समुपदेशन आणि प्रश्न आटोक्यात येत असल्याची स्पष्ट चिन्हं, प्रामाणिकपणे सुरू केलेली आणि पाळलेली परतफेड, कर्जच मान्य नसेल तर त्याचा कागदोपत्री पुरावा, टॅक्स खात्याशी केलेला आणि पाळला जात असलेला करार.

एवढं वाचून झाल्यावर गृहस्थांच्या यादीतली सगळ्यात अवघड ओळ कुठली? १४,२०० ची नव्हे. 'बघू' लिहिलेली.

२०२२ मध्ये त्यांना जुन्या कंपनीचे शेअर मिळाले होते. अशा शेअरवर कंपनी बहुतेक वेळा २२ टक्केच फेडरल टॅक्स कापते, त्यांचा खरा दर त्याहून वर होता, म्हणून एप्रिलमध्ये ३,९०० डॉलर देणं निघालं. तेव्हा नोकरी नव्हती. "पैसेच नव्हते तर रिटर्न भरून काय करणार?" हा तर्क आम्ही वरचेवर ऐकतो आणि तो सपशेल चुकीचा आहे. रिटर्न न भरण्याचा दंड महिन्याला ५ टक्के, रिटर्न भरून पैसे न देण्याचा महिन्याला फक्त अर्धा टक्का. १८ एप्रिल २०२३ ला पैसे न देता नुसतं रिटर्न भरलं असतं, तर वर्षभराचा दंड दोन-अडीचशे डॉलरच्या आत राहिला असता. न भरल्यामुळे व्याज-दंडासह आकडा ५,२०० च्या आसपास गेला.

पण खरी अडचण दंडाची नाहीच. कार्डाचे हप्ते चुकणं हा बँक आणि तुमच्यामधला मामला. रिटर्न न भरणं म्हणजे ज्या सरकारने आपली गुपितं तुमच्यावर विश्वासाने सोपवावीत असं तुम्हाला वाटतं, त्याच सरकारचा साधा नियम न पाळणं. क्लिअरन्सच्या वादांचे निकाल देणारं 'डोहा' हे संरक्षण खात्याचं कार्यालय हीच गोष्ट निकालामागून निकालात सांगत आलंय. नावं काढून टाकलेले हे निकाल इंटरनेटवर वाचायला मिळतात. एक संध्याकाळ त्यातले दहा-बारा वाचावेत. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सल्ल्यांपेक्षा ते कितीतरी कामाचे आहेत.

तेव्हा पहिल्या आठवड्यात पहिलं काम: २०२२ चं फेडरल रिटर्न ई-फाइल करणं आणि त्यालाच हप्त्यांच्या विनंतीचा ९४६५ फॉर्म जोडणं. महिना २०० डॉलर. एकूण देणं ५०,००० च्या आत असेल तर आयआरएस, म्हणजे फेडरल टॅक्स खातं, अशा करारासाठी फारशी खळखळ करत नाही. व्हर्जिनिया राज्याचं रिटर्न वेगळं असतं आणि त्याची तारीखही वेगळी, १ मे. तेही राहिलं होतं. ते भरून त्याचे सहाशे-सव्वासहाशे डॉलर एकरकमी दिले. २०२३ चं रिटर्न १५ एप्रिलची वाट न पाहता मार्चमध्येच गेलं. आयआरएसच्या संकेतस्थळावरून काढलेली आपल्या कर-खात्याची ट्रान्स्क्रिप्ट (अधिकृत नोंदींचा उतारा) फाइलला लावली, कारण 'मी भरलंय' या शब्दाला किंमत नसते, ट्रान्स्क्रिप्टला असते.

आता पेन्सिलीची ओळ.

२०१८ मध्ये एका लग्नासाठी ते सांगली जिल्ह्यातल्या गावी गेले होते. चुलतभाऊ पोल्ट्री शेडसाठी गावातल्या पतसंस्थेतून चार लाखांचं कर्ज काढत होता. वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर यांचंही नाव, म्हणून 'सही लागते जामीनदाराची'. मांडवात बसूनच सही झाली. पुढे शेड बंद पडली, हप्ते थांबले, संस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळवला. नोटिसा गावच्या पत्त्यावर गेल्या आणि तिथल्याच कपाटात राहिल्या. यांच्या कानावर आलं ते सहा महिन्यांपूर्वी, भावजयीच्या फोनवर.

"अमेरिकेत कुणाला कळणार आहे हे?" असं त्यांच्या मित्राने सांगितलं होतं. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या फॉर्मपुढे ती म्हण गुंडाळून ठेवावी लागते. एसएफ-८६ च्या विभाग २६ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे की स्वतःच्या कर्जाबरोबर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून घेतलेली देणीही सांगायची. कर्ज कुठल्या देशातलं, याला सूट नाही. शिवाय भारतीय करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, 'कर्ज माझं नव्हतंच' हे उत्तर तिथेही टिकत नाही आणि इथेही.

मुद्दाम लपवलं आणि उघड झालं तर प्रकरण 'गाइडलाइन एफ' मध्ये राहत नाही, 'गाइडलाइन ई' मध्ये जातं. म्हणजे वैयक्तिक वागणूक, खोटेपणा. पैशाची अडचण काळाबरोबर सुटते, खोटेपणाचा शिक्का सहजी पुसत नाही. फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा फेडरल गुन्हाही आहे. व्याज-खर्चासह सहा लाखांवर गेलेल्या जामिनासाठी हा धोका कुणी पत्करावा, हे आम्हाला कधी कळलेलं नाही.

फॉर्मवर लिहायचं ठरलं आणि गावाकडचं काम समांतर सुरू झालं. संस्थेकडून कर्जखात्याचा उतारा मागवला: मुद्दल, व्याज, वसुली खर्च मिळून ६,१२,००० रुपये. एकरकमी परतफेडीत संस्था ४,६०,००० वर आली. भावाने २,६०,००० दिले, यांनी २,००,००० स्वतःच्या एनआरओ (अनिवासींसाठीच्या भारतातल्या) खात्यातून चेकने दिले. इथे एक खबरदारी आवर्जून सांगतो. पैसे दिले की नुसती पावती घेऊन उठायचं नाही. येणे बाकी नसल्याचा दाखला संस्थेच्या लेटरहेडवर, शिक्क्यानिशी घ्यायचा. त्यात जामीनदाराचं पूर्ण नाव पासपोर्टप्रमाणे असलं पाहिजे. मग तलाठ्याकडे अर्ज देऊन सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातला संस्थेचा बोजा कमी करून घ्यायचा आणि नवा उतारा काढायचा. यांच्या दाखल्यात पहिल्यांदा फक्त भावाचं नाव होतं, तो परत बदलून आणायला तीन आठवडे गेले. मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडलं, नाहीतर तपासणाऱ्याच्या लेखी तो कागद नसल्यात जमा.

(जमिनीतला हिस्सा, एनआरओ खातं आणि आईवडिलांना दरमहा जाणारे पैसे हे फॉर्मच्या विभाग २० मध्ये परदेशी संबंधांखाली सांगायचे असतात. ती वेगळी कसोटी, 'गाइडलाइन बी'. त्यावर इथे फार लिहीत नाही. भारतात कुटुंब असणं आणि त्यांना पैसे पाठवणं यात लपवण्यासारखं काही नाही एवढं लक्षात ठेवा.)

लॅबच्या ४२० डॉलरचा मामला त्या मानाने सोपा. लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणारे तिन्ही क्रेडिट ब्युरो आता ५०० डॉलरखालची वैद्यकीय थकबाकी रिपोर्टवर दाखवत नाहीत, म्हणून तो रिपोर्टवर नव्हता. पण फॉर्म विचारतो की गेल्या सात वर्षांत एखादं बिल कलेक्शन एजन्सीकडे गेलं का. रिपोर्टवर काय दिसतं, असं तो विचारत नाही. तेव्हा लिहायचंच. विमा कंपनीच्या हिशेबपत्रात रुग्णाने देय रक्कम शून्य होती. लॅबने चुकीच्या पॉलिसी क्रमांकावर बिल लावलं होतं. ते हिशेबपत्र आणि एजन्सीला पाठवलेलं रजिस्टर्ड पत्र, एवढ्यावर ही ओळ संपली.

कार्डांकडे आम्ही शेवटी वळलो. तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट काढले (ॲन्युअल क्रेडिट रिपोर्टच्या अधिकृत संकेतस्थळावर आता दर आठवड्याला फुकट मिळतात) आणि ओळीला ओळ लावून पाहिली. इथे हमखास होणारा घोटाळा यांच्याकडेही होता. दुसरं कार्ड मूळ बँकेने एका कर्ज विकत घेणाऱ्या कंपनीला विकलं होतं. एका रिपोर्टवर बँकेची ओळ 'विकलं, बाकी शून्य' अशी बरोबर होती, दुसऱ्यावर बँकही ६,८०० दाखवत होती आणि ती कंपनीही. म्हणजे एकच कर्ज दोनदा. अशी दुहेरी ओळ वेळेत सुधारून घेतली नाही तर क्लिअरन्स नाकारण्यापूर्वी येणाऱ्या आरोपपत्रातही दोनदा येते. ब्युरोकडे तक्रार टाकली. त्यांना साधारण ३० दिवसांत शहानिशा करावी लागते. विकत घेणाऱ्या कंपनीकडे कर्जाच्या पडताळणीची मागणी केली. तिचं पहिलं पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत ती केली तर उत्तर येईपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते.

आणि ४०१के? मोडायचा नाही, असं आम्ही सांगितलं. ५९ वर्षं ६ महिने वयाच्या आत काढलेल्या रकमेवर आयकर आणि वर १० टक्के जादा कर. एकवीस हजार हातात यायला तीस हजारांच्या घरात मोडावे लागले असते आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा टॅक्सचं देणं. एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात टाकण्याला तपासणारे शहाणपण म्हणत नाहीत. सासऱ्यांकडून भारतातून वीस लाख रुपये मागवायचा दुसरा बेतही असाच सोडून दिला; फॉर्म भरण्याच्या तोंडावर परदेशातून आलेली मोठी रक्कम स्वतःच एक प्रश्न होऊन बसते.

मुळात क्लिअरन्ससाठी कर्जमुक्त असावं लागत नाही. डोहाच्या अपील बोर्डाची भूमिका ठाम आहे: सगळी कर्जं एकदम फेडायची गरज नाही, पण परवडणारी योजना हवी आणि तिच्यावर प्रत्यक्ष चालल्याचे पुरावे हवेत. 'नोकरी मिळाली की फेडीन' या वचनाला तिथे कवडीची किंमत नाही. तसंच 'सात वर्षांनी रिपोर्टवरून पडेल' किंवा 'व्हर्जिनियात लेखी कराराला पाच वर्षांची मुदत, ती संपली की झालं' हे कायद्याने खरं असलं तरी प्रामाणिक परतफेड म्हणून मोजलं जात नाही. चार्ज-ऑफ म्हणजे बँकेने कर्ज सोडून दिलं, हाही असाच गैरसमज. बँकेने ते आपल्या हिशेबात बुडीत धरलं. तुमचं देणं तसंच आहे.

योजना कागदावर अशी बसली. हातात येणारा पगार ६,९०० डॉलर. घरभाडं २,७५०, गाडीचा हप्ता ४६०, विमा २१०, पेट्रोल आणि टोल ३२०, किराणा ९५०, वीज-पाणी-फोन ४१०, मुलांचं आफ्टर-केअर ३८०, औषधं १५०, पुण्याला ४००. खर्च ६,०३०, शिल्लक ८७०. त्यातून आयआरएस २००, पहिल्या कार्डाला ३२०, दुसऱ्याला २१०. उरले १४०, ते जाणीवपूर्वक मोकळे ठेवले. पहिला आराखडा त्यांनी शेवटच्या डॉलरपर्यंत हप्त्यात घालून आणला होता. तो दुसऱ्याच महिन्यात गाडीच्या टायरवर मोडला असता, आणि सुरू करून तुटलेली योजना ही उशिरा सुरू केलेल्या योजनेपेक्षा वाईट दिसते.

हप्ते ठरवताना तिन्ही ठिकाणी आधी लेखी पत्र, मग पैसे. कलेक्शनवाल्याला बँक खात्यातून आपोआप उचल करायची परवानगी द्यायची नाही. आपण आपल्या बिल-पेमधून पाठवायचे, म्हणजे प्रत्येक हप्त्याचा आपल्याकडे पुरावा राहतो. कुणी कमी रकमेवर मिटवत असेल तर मिटवावं, त्यात कमीपणा नाही. फक्त माफ झालेली रक्कम ६०० डॉलर किंवा जास्त असेल तर १०९९-सी हा माफ कर्जाचा टॅक्स-फॉर्म येतो आणि ती बहुधा उत्पन्नात धरावी लागते. आणि रेडिओवर जाहिरात करणाऱ्या 'डेट सेटलमेंट' कंपन्यांपासून दूर राहा. हप्ते थांबवा, पैसे आमच्याकडे साठवा, हा त्यांचा धंदा. थांबवलेला प्रत्येक हप्ता गाइडलाइन एफ खाली तुमच्याच नावावर चढतो. ना-नफा समुपदेशन संस्था वेगळी. फॉर्म विचारतो, 'सध्या समुपदेशन घेत आहात का?' अनेकजण घाबरून 'नाही' लिहितात. अहो, ते 'हो' तुमच्या बाजूचं आहे.

एवढं झाल्यावर फॉर्ममधल्या खुलाशाच्या चौकटी. पहिल्या कार्डासाठी त्यांनी लिहिलं होतं: 'कठीण परिस्थितीमुळे बँकेने खातं बंद केलं. लवकरच फेडण्याचा इरादा आहे.' या दोन वाक्यांत एकही तारीख नाही, रक्कम नाही, आणि दोष बँकेवर. बदलून झालं ते असं: नोव्हेंबर २०२२ ते जुलै २०२३ नोकरी नव्हती, फेब्रुवारी २०२३ पासून हप्ते थांबले, ऑगस्टमध्ये १४,२०० डॉलरवर चार्ज-ऑफ, मार्च २०२४ मध्ये बँकेशी महिना ३२० डॉलरचा लेखी करार, पहिला हप्ता भरला, समुपदेशन सुरू. विशेषणं नकोत, तारखा हव्यात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका प्रश्नावर, आणि तो मुलाखतीत येणार हे ठरलेलं होतं: जुलै २०२३ मध्ये नोकरी लागली, मार्च २०२४ पर्यंत आठ महिने काय केलं? नोकरी जाणं हाताबाहेरचं. पण ती लागल्यावर जबाबदारीने वागलात का, हा कसोटीचा दुसरा अर्धा भाग असतो आणि बहुतेकांचं प्रकरण इथेच लंगडं पडतं. हे बराच वेळ गप्प राहिले. मग निघालं की बेकारीत दोन मित्रांकडून साडेसहा हजार डॉलर हातउसने घेतले होते, पगार सुरू झाल्यावर ते आधी फेडले. बँक थांबेल, मित्रांना कसं थांबवणार? आपल्या समाजात हा हिशेब कुणालाही पटेल. इथल्या तपासनीसाला तो आपोआप कळणार नाही, म्हणून झेल (बँकेतून थेट पैसे पाठवायची सेवा) वरच्या आठ महिन्यांच्या व्यवहारांचे उतारे आणि दोन्ही मित्रांची पत्रं फाइलला लागली. ज्या आठ महिन्यांत 'काहीच केलं नाही' असं दिसत होतं, तिथे परतफेड निघाली.

फॉर्म मार्चअखेर गेला. तात्पुरतं क्लिअरन्स मिळालं नाही; अशा फाइलला ते सहसा मिळत नाहीच, त्यावरून अंतिम निकालाचा अंदाज बांधू नये. कंपनीने तोवर गोपनीय नसलेलं काम दिलं. सगळ्याच कंपन्या तेवढं थांबत नाहीत, हे आधी विचारून घ्यावं. जूनमध्ये डीसीएसएचा, म्हणजे क्लिअरन्सची चौकशी करणाऱ्या संरक्षण खात्याच्या संस्थेचा, तपासनीस भेटला, सप्टेंबरमध्ये लेखी प्रश्नावली आली: प्रत्येक कर्जाची सद्यस्थिती, पुरावे आणि मासिक जमाखर्च. तोवर तिन्ही ठिकाणी सहा-सहा हप्ते वेळेवर गेलेले होते, पतसंस्थेचा दाखला नव्या उताऱ्यासकट आला होता, दुहेरी ओळ रिपोर्टवरून गेली होती. जानेवारी २०२५ मध्ये सीक्रेट क्लिअरन्स मंजूर झालं. तेव्हा पहिल्या कार्डाचे अकरा हजारांच्या आसपास डॉलर बाकीच होते.

हेच पुरावे नसते तर 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स', म्हणजे आरोपपत्र, आलं असतं. कंत्राटदाराकडच्या माणसाला त्याचं उत्तर मिळाल्यापासून २० दिवसांत, एकेका आरोपाला 'मान्य' किंवा 'अमान्य' असं द्यावं लागतं. सुनावणी हवी की केवळ कागदांवर निकाल, हेही तेव्हाच सांगायचं. सुनावणी मागावी, आणि त्या टप्प्यावर वकील गाठावा; समुपदेशकाचं काम तिथे संपतं. नाकारलं गेलं तर एक वर्षाने पुन्हा अर्ज करता येतो. आरोपपत्र हातात पडल्यावर घाईने फेडलेल्या कर्जाला फार वजन मिळत नाही, कारण डोक्यावर टांगती तलवार नसताना तुम्ही कसे वागता हेच त्यांना पाहायचं असतं.

दिवाळखोरीबद्दलही विचारणा होते. कायदेशीर मार्ग आहे, त्याने क्लिअरन्स आपोआप जात नाही. पण कारण काय होतं आणि त्यानंतर खर्च आवरला का, हे पाहिलं जातं. अलीकडच्या वर्षांचा आयकर तिच्यात सहसा माफ होत नाही. या प्रकरणात उत्पन्नातून हप्ते बसत होते, त्यामुळे तो विचार दहा मिनिटांत बाजूला पडला.

क्लिअरन्स मिळाल्यावर नजर हटत नाही. पूर्वी ठरावीक वर्षांनी फेरतपासणी होई; आता सतत पडताळणी चालते आणि क्रेडिट ब्युरोतली नवी नोंद आपोआप पुढे जाते. कुठलंही देणं १२० दिवसांवर थकलं तर ते स्वतःहून एफएसओला कळवण्याचं बंधन आहे. १२० ची वाट पाहू नका, पगार कमी झाला किंवा हप्ता चुकणार असं दिसलं की आधी धनकोशी बोला, करार बदलून घ्या आणि तो कागद घेऊन एफएसओकडे जा. पुढे टॉप सीक्रेट मिळालं तर उलट्या बाजूचाही नियम लागतो: १०,००० डॉलर किंवा जास्त रक्कम अवचित हातात आली, गावच्या जमिनीचा हिस्सा विकून आली तरी, ती कळवावी लागते. खरेदीखताची प्रत, बँकेतून पैसे आल्याचा कागद आणि दोन्हींचं भाषांतर व्यवहार होईल त्याच आठवड्यात करून ठेवा.